फोनची वाट पाहणाऱ्या घरातला आगमनकाळ

पत्राचा सारांश: वसई भागातल्या एका कॅथलिक बाईंचं पत्र आहे. वय ४३. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या रक्तदाबामुळे निकामी झाल्या. तीन वर्षं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे, दोन वर्षांपासून नाव कॅडॅव्हर यादीत, म्हणजे मृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीत आहे. बाईंना स्वतःला मधुमेह, म्हणून त्यांची किडनी चालली नाही. धाकट्या दिरांनी आधी होकार दिला, तपासण्या सुरू झाल्यावर माघार घेतली. ऑक्टोबरात एका रात्री हॉस्पिटलातून फोन आला, सगळे धावत मुंबईला गेले. पहाटे कळलं की किडनी दुसऱ्या रुग्णाला मिळाली. तेव्हापासून घर मिटून बसलंय. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) पहिल्या रविवारी चर्चमध्ये आशेची मेणबत्ती पेटवायला यांच्या कुटुंबाला बोलावलं होतं, त्या गेल्या नाहीत. त्या लिहितात, "किडनी मिळू दे अशी प्रार्थना करते म्हणजे कुणीतरी मरू दे अशीच करते ना? आणि प्रार्थना सोडली तर माझी श्रद्धा कमी पडली. मग मी आशा तरी कशाची ठेवू? नववीतली मुलगी विचारते, या वर्षी गोठा (येशूजन्माचा देखावा) करायचा की नाही."

ताई,

सगळ्यात जड प्रश्न आधी घेते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं काही आत शिरणार नाही.

किडनीची वाट पाहणं म्हणजे कुणाच्या मरणाची वाट पाहणं, असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुमच्या प्रार्थनेने कुणाच्या गाडीचे ब्रेक निकामी होत नाहीत, की कुणाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटत नाही. ते मरण तुम्ही जपमाळ हातात घेतली काय आणि न घेतली काय, यायचं तेव्हाच येतं. मेंदूमृत्यू (मेंदूचं काम कायमचं थांबणं) ठरवणाऱ्या चार डॉक्टरांमध्ये प्रत्यारोपण करणारा डॉक्टर असू शकत नाही, असा नियमच आहे. तपासणी दोनदा होते, मध्ये निदान सहा तासांचं अंतर ठेवून. त्यानंतर घरच्यांना विचारतात, आणि ते हो म्हणाले तरच यादी उघडते. म्हणजे तुमच्या नवऱ्याचं नाव या साखळीत अगदी शेवटी येतं. मरण आधीच होऊन गेलेलं असतं. उरतो तो एकच प्रश्न, त्या शरीरातली किडनी मातीत जाणार की कुणाच्या उपयोगी पडणार. तुम्ही मागता आहात ते या प्रश्नाचं उत्तर.

चर्चची भूमिकाही इथे स्पष्ट आहे. मृत्यूनंतरचं अवयवदान हे उदात्त आणि पुण्यप्रद कृत्य आहे, त्याला उत्तेजन द्यावं, असं कॅथलिक धर्मशिक्षणाच्या २२९६ क्रमांकाच्या परिच्छेदात म्हटलं आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट २००० मध्ये रोममध्ये प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर याच विषयावर भाषण केलं होतं आणि मेंदूमृत्यूचे निकषही मान्य केले होते. तरीही मन खात असेल तर प्रार्थनेचे शब्द बदला. "आम्हाला किडनी दे" याऐवजी, ज्या घरात आज असा प्रसंग आलाय त्या घरातल्या माणसांना बळ दे, त्यांना योग्य तो निर्णय घेता येऊ दे, असं म्हणा. ते 'नाही' म्हणाले तरी ही प्रार्थना वाया जात नाही. आणि तुम्ही स्वतः अवयवदानाची नोंदणी करा. मधुमेह आहे म्हणून आपोआप बाद, असं नसतं. कोणता अवयव चालेल हे त्या वेळी डॉक्टर पाहतात. मात्र आपल्याकडे शेवटचा शब्द घरच्यांचा असतो, म्हणून कार्ड पाकिटात घालून भागत नाही, मुलीला आणि नवऱ्याला तोंडाने सांगून ठेवा.

आता त्या मेणबत्तीबद्दल. तुम्ही गेला नाहीत, बरंच केलंत. ज्या घराला दीड महिन्यापूर्वी पहाटे रिकाम्या हाताने परतावं लागलं, त्या घरालाच 'आशे'ची मेणबत्ती पेटवायला पुढे बोलावणं, यामागे प्रेम असेल, पण विचार थोडा कमी पडला. तसंही चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रेम अशी नावं देणं ही अलीकडची रीत आहे, मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) पुस्तकात ती नाही. मेणबत्त्यांचं चक्रच मुळात १८३९ सालचं. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी गाडीच्या लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या लावल्या, मुलांना दिवस मोजता यावेत यासाठी.

तुमची अडचण नेमकी इथेच आहे असं मला वाटतं. त्या मुलांना तारीख ठाऊक होती. आगमनकाळ कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ दिवसांचा, २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो म्हणजे संपतो. तुमच्या वाट पाहण्याला अशी तारीख नाही. सगळं गाव दिवस मोजतंय आणि तुमच्याकडे मोजायला काही नाही. मग आपलीच श्रद्धा कच्ची, असं वाटायला लागतं. पण श्रद्धेचा इथे संबंध नाही. तारीख असलेली वाट आणि तारीख नसलेली वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी माणसाला जास्त दमवते.

गंमत अशी की आगमनकाळाचा पहिला भाग या दुसऱ्या वाटेबद्दलच आहे. १६ डिसेंबरपर्यंतची वाचनं बाळ येशूची नसतातच. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान सांगतं की तो दिवस आणि ती घटका कुणालाच माहीत नाही, तेव्हा जागे राहा. १७ तारखेपासून कुठे बेथलेहेमची चाहूल लागते. आपण मात्र पहिल्या रविवारपासूनच कंदील आणि कॅरल सुरू करतो, आणि पहिले अडीच आठवडे नुसते उडून जातात. तुमच्यासारख्या घरांसाठी खरं तर तेच दिवस आहेत.

आणि तिसरा रविवार पाहा. गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा. तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या पहिल्या वर्षी त्या दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचतात. योहान बाप्तिस्ता तुरुंगात आहे. ज्याने स्वतः येशूकडे बोट दाखवलं, तोच आता शिष्यांकरवी विचारतो, जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहायची? येशू त्याला विश्वास कमी पडला म्हणून बोलत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, जे दिसतंय-ऐकू येतंय ते त्याला जाऊन सांगा, एवढंच म्हणतो. वर लोकांसमोर योहानाची स्तुती करतो. पण योहान तुरुंगातून सुटत नाही, हेही त्याच शुभवर्तमानात पुढे आहे. ते लपवून तुम्हाला आशा विकायची नाही. किडनी मिळेलच असं मी म्हणणार नाही, फादर म्हणू शकत नाहीत, डॉक्टरही नाहीत. तुम्ही विचारलंत, आशा कशाची ठेवू. फोन कधी येईल याचा अंदाज बांधत बसणं ही आशा नव्हे. फोन आला तर आपण तयार असू, आणि आला नाही तरी मधले दिवस जगण्यासारखे राहतील, इतपत ती ठेवता येते. यातलं बरंचसं हाताने करायचं काम आहे.

म्हणून ऑक्टोबरच्या त्या रात्रीकडे परत जाऊ. तुमच्या पत्रात ती पराभवासारखी आली आहे. एका किडनीसाठी एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात, कारण शेवटच्या क्षणी कुणाचा क्रॉसमॅच जुळत नाही, कुणाला ताप असतो, कुणी वेळेत पोचत नाही. क्रॉसमॅच म्हणजे दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्तद्रव एकत्र करून पाहणं. त्यात प्रतिक्रिया दिसली तर ती किडनी त्या रुग्णाला बसवत नाहीत. या चाचणीला काही तास लागतात, म्हणून पहाटेपर्यंत ताटकळत ठेवतात. बोलावणं आलं याचा अर्थ तुमच्या नवऱ्याचं नाव गुणांनुसार लावलेल्या प्रतीक्षायादीत बरंच वर आलं आहे.

पण त्या रात्रीनंतर तुम्ही हॉस्पिटलमध्ये प्रत्यारोपणाचं काम पाहणाऱ्या को-ऑर्डिनेटरशी बोललात का? पत्रावरून वाटतं, नाही. या आठवड्यात फोन करा आणि वहीत लिहून घ्या: आमचा क्रमांक त्या रात्री कितवा होता? किडनी न मिळण्याचं कारण काय, क्रॉसमॅच की फक्त क्रम? नाव आज सक्रिय आहे ना? रक्तद्रवाचा शेवटचा नमुना कधी दिला, पुढचा कधी द्यायचा? इको (हृदयाची सोनोग्राफी), दात, हिपॅटायटिस-बीची लस यांतलं काही जुनं झालंय का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जंतुसंसर्ग झाला, हृदयाची तपासणी बाकी राहिली, तर नाव तात्पुरतं बाजूला ठेवलं जातं, आणि बरं झाल्यावर ते परत सक्रिय करून घ्यायचं घरच्यांच्या ध्यानातच येत नाही. महिनोन् महिने फोनची वाट पाहत बसतात. आणखी एक. हिमोग्लोबिन उतरलं आणि कुणी रक्त चढवायचं म्हटलं, तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा. बाहेरच्या रक्तामुळे शरीरात अँटीबॉडी तयार होतात आणि पुढे क्रॉसमॅच जुळणं अवघड होतं. अगदी जीवावर बेतलं असेल तर प्रश्न नाही, पण एरवी इंजेक्शनने भागतंय का ते आधी पाहतात.

को-ऑर्डिनेटरकडे तीन नंबर द्या: नवऱ्याचा, तुमचा आणि एका अशा माणसाचा जो रात्री फोन उचलतो. तुमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये हॉस्पिटलचे नंबर नावाने साठवा, नाहीतर अनोळखी नंबर अडवणारं ॲप नेमका तोच फोन अडवतं. रात्री फोन गप्प करून झोपायची सवय असेल तर या नंबरांना त्यातून सूट द्या. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला फोन बंद ठेवा अशी सूचना होईल, ती तुमच्यासाठी नाही. कंपनावर ठेवा, शेवटच्या बाकावर कडेला बसा, आणि फादरना आधी सांगून ठेवा म्हणजे कुणी डोळे वटारणार नाही.

दाराजवळ एक पिशवी. त्यात फाइल, दोघांची आधार कार्डं, रक्तगट आणि कावीळ-एचआयव्हीचे रिपोर्ट, शेवटच्या डायलिसिसचा कागद (ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, त्यावर असतं), औषधांची यादी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरात. दोन जोड कपडे, चार्जर, अनामत रक्कम कुठून भरायची त्याचं ठरवून ठेवलेलं. फोन आल्यापासून नवऱ्याने खाणंपिणं थांबवायचं, तिथून परवानगी मिळेपर्यंत. ताप, जुलाब, कॅथेटरच्या (डायलिसिसच्या नळीच्या) जागी पू, काहीही असेल तर फोनवरच सांगायचं. संधी जाईल म्हणून ताप लपवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणतात आणि तोच साधा संसर्ग जीव घेऊ शकतो. जायचे दोन रस्ते आधीच ठरवा. वर्सोवा पुलाच्या कोंडीत रात्री कधी अडकाल सांगता येत नाही. पहाटेची वेळ असेल तर लोकल बरी पडते.

इथे दिरांचा विषय येतो. तुमच्या पत्रात त्यांच्यावरची ओळ सगळ्यात छोटी आहे आणि सगळ्यात तिखट. जिवंत दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेण्याचा हक्क आहे, आणि परवानगी देणाऱ्या समितीसमोर तर त्याला हेच विचारतात की तू कुणाच्या दबावाखाली नाहीस ना. भीती वाटून माघार घेणारी माणसं पुष्कळ असतात. बहुतेकांना बायकामुलांची काळजी असते. त्यांना लगेच माफ करा असं मी सांगत नाही, ते तुमचं तुम्ही पाहा. पण त्यांच्याकडून दुसरं काही मागता येईल. तिसरा नंबर त्यांचा द्या, रात्री गाडी त्यांनी चालवायची. शिवाय "काही कळलं का?" असं नातेवाईक रोज विचारतात ना, त्या सगळ्यांना उत्तरं द्यायची जबाबदारीही त्यांच्यावर टाका. काही कळलं तर आम्ही सांगू, तोवर धाकट्याला विचारा, असं एकदा सगळ्यांना कळवून टाका. यातून तुमचे कान सुटतील. ज्याला किडनी देता आली नाही त्याला हे काम नक्की देता येईल, आणि नाही म्हणाले तर तेही कळेल.

आता गोठ्याचं. लेकीच्या प्रश्नाला 'हो' म्हणा, पण पूर्वीइतका मोठा नको. सगळं रद्द केलं तर पोरीच्या डोक्यात बसेल की पप्पांच्या आजाराने नाताळ खाल्ला. काही झालंच नाही असं दाखवत गल्लीला लाजवेल असा देखावा उभा केला तर तुम्ही पंचवीस तारखेला अंथरुणाला खिळाल. मधलं काहीतरी धरा. गव्हाण आजच मांडा, रिकामी. शेजारी थोडं सुकं गवत. घरातल्या कुणी दुसऱ्यासाठी काही केलं की एक काडी गव्हाणीत टाकायची. ही जुनी रीत आहे. काय केलं ते सांगायचं नाही. बाळ २४ च्या रात्री. मेणबत्त्यांचं चक्र करायचं असेल तर सुरूच्या फांद्या घ्या, आपल्या किनाऱ्यावर त्याच मिळतात, पण त्या चार-पाच दिवसांत वाळून जातात आणि ठिणगीने भडकतात. स्टीलच्या ताटात वाळू घालून त्यात मेणबत्त्या रोवा, फांद्या ज्योतीपासून लांब कडेला ठेवा आणि दर रविवारी बदला. रोज दहा मिनिटं लावली तरी पहिली मेणबत्ती महिन्याभरात जवळपास पावणेपाच तास जळते, म्हणून ती तरी जाड घ्या, बारीक मेणबत्ती दुसऱ्या आठवड्यातच संपते. नावं द्यायची गरज नाही. एक, दोन, तीन, चार पुरे.

त्या दहा मिनिटांत काय म्हणायचं? आशावादी काही सुचत नसेल तर १३ वं स्तोत्र वाचा, त्यात "कोठवर?" हा प्रश्न लागोपाठ चार वेळा येतो. त्याहून वाईट दिवशी ८८ वं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांत संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज एक जुनी हाक असते, येशूला वेगवेगळ्या नावांनी मारलेली, आणि प्रत्येकीत शेवटी 'ये' अशी विनवणी. २० तारखेची हाक दाविदाच्या किल्लीला आहे: ये आणि अंधारात बसलेल्या कैद्याला बाहेर काढ. यंत्राला चार-चार तास बांधलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

लेकीला त्या रात्रीची गोष्ट सरळ सांगा: पप्पांना बोलावलं होतं, किडनी दुसऱ्याला मिळाली, पुन्हा बोलावू शकतात, कधी ते माहीत नाही. नववीतल्या मुलीला हे पेलतं. अर्धवट कुजबुज पेलत नाही.

खाण्याचं थोडक्यात, कारण तुम्हाला आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं असेलच, पण डिसेंबरात घसरतं. दोदोलमध्ये गूळ आणि नारळाचं दूध, प्लम केकमध्ये मनुका-खजूर, म्हणजे पोटॅशियमच पोटॅशियम, जे निकामी किडनी बाहेर टाकू शकत नाही. कुलकुल (पिठाचे तळलेले गोड तुकडे) त्यामानाने बरे, चार-पाच खाऊ द्या. केकचा एक पातळ तुकडा, तोही डायलिसिसच्या दिवशी. सुकी मासळी आणि लोणचं टाळा, मीठ पोटात गेलं की तहान आवरत नाही आणि दोन डायलिसिसच्या मधलं वजन वाढतं. कमी सोडियमचं मीठ तब्येतीला चांगलं म्हणून कुणी भेट देईल, ते घरात ठेवू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. करमळं म्हणजे कमरख तर अजिबात नको, किडनीच्या रुग्णाला त्याने उचक्या, भ्रम, झटके येऊ शकतात.

नाताळच्या आठवड्याचं डायलिसिसचं वेळापत्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. सोम-बुध-शुक्र असेल आणि नाताळ शुक्रवारी आला, तर युनिटवाले गुरुवारी या म्हणतील. मग पुढे सोमवारपर्यंत तीन दिवस मोकळे जातात, आणि लांब खंडानंतरच हृदयाचे त्रास जास्त होतात. शनिवारी मागा, म्हणजे आधी दोनच दिवस मोकळे.

एक गोष्ट पत्रात ओझरती आहे: "ते हल्ली म्हणतात, एक दिवस नाही गेलो तर काय होतंय." यावर लक्ष ठेवा. डायलिसिस चुकवणं, दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक उडणं, कशातच रस न वाटणं, याला श्रद्धेची कमतरता समजू नका. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये नैराश्य खूप आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या फेरीला डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य सांगा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ वर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. ती तुमच्यासाठीही आहे, तुम्ही शेवटच्या कधी आठ तास झोपलात ते लिहिलेलं नाही.

नाताळनंतर लोक कंदील उतरवायला लागतात तेव्हा, २९ आणि ३० डिसेंबरला, मिस्सेत शिमोन आणि हन्ना येतात. वर्षानुवर्षं तारणाऱ्याची वाट पाहून मंदिरात बाळ येशूला भेटलेली ही दोन माणसं आगमनकाळात कुठेच भेटत नाहीत, सण ओसरल्यावर भेटतात. हन्ना ८४ वर्षांची विधवा होती. त्या दोन दिवसांपैकी एका दिवशी तुम्ही दोघं मिस्सेला गेलात तर गर्दी नसेल आणि "काही कळलं का?" विचारणारंही फारसं कुणी नसेल. आणि त्याच आठवड्यात वही उघडून पाहा, रक्तद्रवाच्या नमुन्याची पुढची तारीख जानेवारीत कधी येते ते.